वाटून टाकलेली कौलं

वैशाख निम्मा सरला की आमच्या वाडीत पत्रा कापायच्या मशीनची किरकिर सुरू होते. कोकीळ वगैरे ओरडत असेलही, पण तो ऐकू येत नाही. ज्याने त्याने पोटाला चिमटा काढून स्लॅबचं घर बांधलं, आणि आता जो तो त्या स्लॅबच्या डोक्यावर लोखंडी पाईप उभे करून निळे-तांबडे पत्रे ठोकतोय. पूर्वी माणसं भिजू नयेत म्हणून छप्पर घालत, आता छप्पर भिजू नये म्हणून घालतात. यंदा माझाही नंबर लागलाय. शाळेला सुट्टी आहे, म्हणून रोज संध्याकाळी मी गच्चीवर उभी राहून पत्रेवाल्याची वाट बघते. ‘उद्या येतो मॅडम’ असं तो म्हणतो, आणि त्याचा हा उद्या काही केल्या उजाडत नाही.

माझा स्लॅब कुठून गळतो हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. एक जण आला, पायाने गच्ची ठोकून म्हणाला, कोबा फुगलाय. दुसऱ्याने पहिल्याला शिव्या घातल्या आणि सांगितलं, उतारच उलटा काढलाय. तिसऱ्याने दोघांनाही शिव्या घातल्या, बादलीभर पांढरं केमिकल फासलं आणि जाताना म्हणाला, आता बिनघोर झोपा. त्या पावसाळ्यात मी पलंग तीनदा हलवला. पाणी कोणाचंच ऐकत नाही. ते गच्चीच्या एका कोपऱ्यातून शिरतं आणि भलत्याच खोलीत उतरतं. मधल्या वाटेत काय करत असतं देव जाणे. कौल फुटलं की निदान डोळ्याला दिसायचं, त्या भोकातून आभाळाचा तुकडा दिसायचा. काठीने खालून ढोसलं की काम भागायचं. स्लॅबला कुठे ढोसणार?

मी महाडला एका शाळेत शिकवते. पोलादपूरहून रोज एसटीने जाते-येते. लग्न केलं नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, यातलं अर्धंच माझ्या वाट्याला आलं आणि तेवढ्यानेच माझी हौस फिटली.

आमच्याकडे पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. समुद्राकडून निघालेले ढग इथवर येऊन महाबळेश्वरच्या डोंगराला अडतात, आणि चढ झेपत नाही म्हणून सगळं ओझं आमच्या डोक्यावर उतरवून ठेवतात. मग मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी पेटत नाही, कपाटातल्या साड्यांना कुबट वास लागतो. दांडीवरचा परकर चार-चार दिवस ओलाच. अशा मुलखात छप्पर म्हणजे घराची टोपी नव्हे, तेच घर असतं. भिंती नुसत्या त्याला धरून उभ्या. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असूनही छपराच्या बाबतीत आम्ही जेवढा घोळ घालतो तेवढा दुसऱ्या कशातच घालत नाही.

माझी आई ठाण्याजवळ दिव्याला असते, माझ्या धाकट्या भावाकडे, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, म्हणून ती सहसा खाली उतरत नाही. खिडकीच्या गजांतून समोरच्या इमारतीची ओली भिंत बघते. पावसाचा जोर वाढला, टीव्हीवर रायगडचं नाव आलं, की तिचा फोन येतो. तब्येत, शाळा, भात कसं आलंय, यातलं ती काही विचारत नाही. एकच विचारते.

“गळतंय काय गो?”

“नाय आये.”

“कुठंच नाय?”

“नाय, कुठंच नाय. स्लॅब हाय ना आता.”

“बरं,” असं म्हणते आणि फोन ठेवून देते. तेव्हा पलीकडच्या खोलीत पाण्याची धार लागलेली असते. तिकडे बसून तिने काळजी का करावी, असं मला वाटतं. तिला कळवून करायचं तरी काय.

ही सगळी भानगड सुरू झाली तो वैशाख मला पक्का आठवतो. त्याआधीचे वैशाखही आठवतात, पण ते सगळे एकात एक मिसळलेले आहेत. त्यांत वडील छपरावर आहेत आणि आम्ही खाली. शाकारणीच्या दिवशी घर आतून-बाहेरून उलटं व्हायचं. एकेक कौल उचलायचं, झाडायचं, फुटकं बाजूला काढायचं, पुन्हा बसवायचं. वरून वर्षभराची धूळ, पालापाचोळा, खारीचं घरटं, कधी एखादा वाळलेला विंचू खाली यायचा. नाकाला फडकं बांधून आई खालून ओरडायची, “चुलीवरची आधी बघा. तिथं दरवर्षी गळतं.” वडील तिथली शेवटी बघायचे. चुलीवरची कौलं आतल्या बाजूने धुराने काळीभोर झालेली असत आणि त्यांना हात लावला की काजळी कोपरापर्यंत जायची.

वडील गेले आणि छपरावर चढणारं माणूस गेलं. मजूर मिळतात, नाही असं नाही, पण कौलावर चालता येणारा मिळत नाही. जो चढतो तो दोन परततो आणि चार फोडतो. आई दर शिमग्याला अनिलला, म्हणजे माझ्या भावाला, सांगायची, “औंदा कौलं परतून घे रे बाबा.” अनिल म्हणायचा, “आये, थोडं थांब. आता एकदाच काय ते पक्कं करू.”

या ‘एकदाच काय ते’ने आमच्या तालुक्यातली जेवढी घरं बसवली असतील तेवढी पावसानेही बसवली नसतील. स्लॅब घालायचाच आहे, मग कौलावर खर्च कशाला? कौलांखालची रीप बदलायची कशाला? कुजलेला वासा काढायचा कशाला? असं करत करत स्लॅब पुढे सरकतो आणि जुनं छप्पर खाली झुकतं. अनिलचा हेतू वाईट नव्हता. त्याला आईसाठी पक्कं घर हवं होतं. मुंबईला राहणाऱ्या मुलाचं गावातलं घर कौलारू दिसावं हे त्याला लागायचं, हेही खरं. मलाही स्लॅब हवाच होता. आई एकटीच ‘परतून घ्या’ म्हणत राहिली, आणि तिचं आम्ही मनावर धरलं नाही.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मुंबईकर झाडून सगळे आले होते. आमच्या बौद्धवाडीत तेवढे दिवस पाय ठेवायला जागा नसते. विहारासमोर मांडव, पांढऱ्या साड्या, भोंग्यावर सूचना, आणि प्रत्येक ओट्यावर बर्म्युडातले पाहुणे. अनिलने विचार केला की एवढे हात आयते जमलेत तर छप्पर उतरवून घेऊ. ठेकेदार तयार होता. तो म्हणाला, पंधरवड्यात स्लॅब पडला समजा, पाऊस तुमच्या नव्या गच्चीवरच नाचेल. त्या ठेकेदाराच्या दातांत कायम काडी असायची. त्या काडीकडे बघून तरी मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं चढली. आढ्यापासून अंगणापर्यंत माणसांची रांग लागली आणि कौलं हातोहात खाली येऊ लागली. हसणं, थट्टा, मधेच चहा. बघता बघता घरात ऊन शिरलं. ज्या कोपऱ्यात मी उभ्या जन्मात ऊन पाहिलं नव्हतं, तिथे पाट्यावर लख्ख ऊन पडलं आणि पाटा एकदम लहान दिसायला लागला. भिंतीही बुटक्या वाटल्या. आई आत-बाहेर करत होती. कशाला तरी हात लावायची, परत ठेवायची. तिला काय करावं सुचत नव्हतं.

अंगणात कौलांचा ढीग लागला. आमच्याकडे कोणाचं घर उतरलं की कौलं मागायला माणसं येतात, ही जुनी रीत. कोणाला गोठ्याला हवी असतात, कोणाला न्हाणीला. एरवी लोक चार-दोन देतात, बाकीची रचून ठेवतात. अनिलला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे. मुंबईचे मित्र बघत होते, वाडी बघत होती, आणि घर स्लॅबचं होणार होतं.

“न्या रे, न्या,” तो म्हणाला. “सगळी न्या. आपल्याला काय करायचीत?”

“थोडी ठेव रे,” आई म्हणाली.

“आये, स्लॅबवर कौलं घालणारेस काय?”

सगळे हसले. संध्याकाळपर्यंत अंगण साफ. डोक्यावरून, ढकलगाडीवरून, एकाने तर स्कूटरच्या पुढ्यात ठेवून कौलं नेली. शेजारच्या काकींनी गोठ्यापुरती नेली. त्यांचं जनावर कधीच विकून झालं होतं, गोठ्यात नुसती लाकडं होती, पण तो गळायचा. वासे आणि रिपा अर्ध्याअधिक कुजलेल्या, त्या सरपणाला गेल्या. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते आम्ही वाजतगाजत, चहा पाजून केलं.

मुंबईकर गेले. अनिलही रजा संपली म्हणून गेला. ठेकेदाराने खांबांसाठी खड्डे खणले, त्यांत सळया उभ्या केल्या आणि तो दिसेनासा झाला. फोन लागायचा, पण उचलला जायचा नाही. मग कळलं की हिरकणीवाडीला रायगडाच्या रोपवेजवळ पर्यटकांसाठी कोणीतरी खोल्या बांधतंय आणि हा तिकडे आहे. एका रविवारी मी महाडहून गाडी पकडून पाचाडला उतरले आणि तिथून चालत वर गेले. ऊन मी म्हणत होतं. रांगेने सरबतवाले, टोप्या विकणारे, रोपवेला आलेली माणसं. मला त्या सगळ्यांचा राग आला. ही माणसं चार तास गड बघणार, एक रात्र झोपणार, आणि त्यांच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून माझी आई उघड्यावर.

ठेकेदार मला बघून जराही दचकला नाही. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला.

“मॅडम, तुमचं काम माझ्या डोक्यात हाय,” तो म्हणाला.

“तुमच्या डोक्यात असून काय उपयोग? आमच्या डोक्यावर पायजे,” मी म्हटलं.

तो मनापासून हसला. हीच तर पंचाईत. भांडखोर माणसाशी भांडता येतं. या लोकांना राग येत नाही, लाज येत नाही, आणि चहा मात्र फार चांगला पाजतात. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून रडले. कंडक्टरने मी न मागताच तिकीट फाडून हातात दिलं.

मग वळवाने गाठलं. आधी वारा आला, आणि आम्ही भिंतींवर ताणून बांधलेलं निळं ताडपत्रीचं पान चाबकासारखं फटफट वाजू लागलं. त्याच्या पोटात पाणी साचायचं, ते काठीने वर ढोसायचं, मग धबाधबा अंगणात. एका फेऱ्यात ते भसकन आतच आलं. खांबांच्या खड्ड्यांच्या विहिरी झाल्या. मातीच्या भिंतीला डोक्यावर पांघरूण नसलं की ती वरून विरघळायला लागते, आणि लालसर गाळ घरभर वाहतो. आईने भिंतीवरचे फोटो आणि बुद्धाची लहान मूर्ती जुन्या लुगड्यात गुंडाळून आधीच विहारात नेऊन ठेवली होती. बाकीचं आम्ही पोत्यांत भरलं.

शेजारच्या काकी छत्री घेऊन दारात आल्या. “वयनी, ऱ्हाता कशाला हितं? माझ्या गोठ्यात चला. सुका हाय.”

सुका असणारच. तो आमच्या कौलांनी शाकारलेला होता.

तर तो पावसाळा आम्ही दुसऱ्याच्या गोठ्यात, आमच्याच कौलांखाली काढायला लागलो. पहिल्या रात्री उताणी पडून मी वर बघत होते. आमच्या चुलीवरची काळी कौलं काकींनी कुठेही, कशीही लावली होती. एक दारावर, दोन कोपऱ्यात, एक माझ्या उशाच्या अगदी वर. आईनेही ती ओळखली होती. बोटाने मोजल्यासारखं करत ती म्हणाली, “तिथं पाणी नाय यायचं. ती जुनी हायत.” मला इतका संताप आला की झोप लागेना. काकींवर नव्हे. काकी तर सकाळीच म्हणाल्या होत्या, “वयनी, न्या काढून तुमची कौलं. मी घालीन प्लास्टिक.” आणि आई म्हणाली होती, “दिलेलं कोण परत घेतं काय? ऱ्हाऊंदे.” वासेही जळून गेलेले. कौलं आणून ठेवायची तरी कशावर.

एक गोष्ट मला तेव्हा खटकली होती आणि आज जास्त खटकते. आई त्या गोठ्यात खूश होती. मी शाळेतून चिडून, भिजून यायची, तर हिने जमीन सारवलेली, तीन दगडांची चूल मांडलेली, लाकडं उतरत्या बाजूला रचून पाण्याला वाट काढून दिलेली. दिवसभर तिला काही ना काही काम असायचं. काकी बसायला यायच्या. दोघी पाऊस बघत, आंबोशी चघळत गप्पा मारायच्या. मी ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडायला लागले की आई म्हणायची, “होईल गो. जेव आधी.”

आषाढात तिला ताप आला. खोकला काही जाईना. गोठ्याची जमीन ओलावा धरायला लागली होती, आणि महाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यांना कोरड्या जागी हलवा. अनिल आला. त्याने खांबांचे पाण्याने भरलेले खड्डे पाहिले, सळयांवरचा गंज पाहिला. “चार महिन्यांचीच गोष्ट आहे ताई,” तो म्हणाला. “टेन्शन नको घेऊ. स्लॅब पडला की आणून सोडतो.” पोलादपूरच्या स्टँडवर आईने माझ्या हातात किल्ली दिली. दार होतं, कुलूप होतं, वर काही नव्हतं. तरी तिने किल्ली दिली.

स्लॅब पडला तो पुढच्या वर्षी. गिलावा त्याच्या पुढच्या. सगळं झाल्यावर आई आली. भन्तेजी आले, नव्या घराचा परित्राण पाठ झाला, वाडी जेवली. आईने सगळ्या खोल्या पाहिल्या. फरशीवर पाय घसरेल म्हणून भिंत धरून चालली. गॅसचा ओटा पाहिला, नळ सोडून पाहिला. चुलीची जागा विचारली, ती नव्हती. पडवी विचारली, तीही नव्हती. तिथे आता हॉल होता.

“चांगलं झालं,” ती म्हणाली. “आता कायच करायला नको.”

आणि अनिलबरोबर परत गेली. मला वाटलं होतं की राहील. तिला ‘राहा’ म्हणावं लागेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. घर तिचंच होतं. मग नातवाची दहावी आली, मग गुडघे आले, मग ‘तू दिवसभर शाळेत, ती एकटी काय करणार’ हे आलं. प्रत्येक कारण खरं होतं, त्यामुळे कोणाशी भांडता येईना. अशी वर्षं गेली. जिच्यासाठी छप्पर पक्कं केलं ती चौथ्या मजल्यावर, आणि त्या छपराखाली मी, एकटी, पलंग सरकवत.

या आठवड्यात वळीव येऊन गेला. पत्रेवाला आला नव्हताच. मी बाजारातून घरी पोचले तेव्हा दिवे गेलेले, गादी भिजून जड झालेली, आणि आईची जी खोली मी तशीच ठेवलीय तिच्या भिंतीवरून पाण्याचे ओघळ फरशीपर्यंत आलेले. मी पदर खोचून फडकं पिळत होते. तेवढ्यात फोन वाजला. टीव्हीवर रायगड दाखवत असणार.

“गळतंय काय गो?”

माझ्या तोंडून नेहमीचं उत्तर निघालंच नाही.

“गळतं,” मी म्हटलं. “सगळीकडे गळतं आये. तुझ्या खोलीत गळतं, स्वयंपाकघरात गळतं. पहिल्या वर्षापासून गळतं. दरसाल कोण ना कोण येतो, पैसे घेतो, आणि तरी गळतं. मी एकटी पुसून पुसून मेले. कंटाळले मी या घराला.”

पलीकडे तिने टीव्ही बंद केला.

“मग तसं सांगायचं ना गो बाय,” आई म्हणाली. “मला वाटलं तिकडं काय कामच नाय. मी हितं कशाला बसलेय?”

फोन कट झाला. मी फडकं बादलीत पिळलं आणि पुन्हा पुसायला लागले. थोड्या वेळाने अनिलचा फोन आला.

“ताई, तू आईला काय सांगितलंस? कपडे पिशवीत भरून दारात बसलीये. म्हणते, मला आत्ता गाडीत बसव.”

“घर गळतं म्हणून सांगितलं.”

“अगं, मग पत्रे टाक ना लवकर. मी बोलू का त्या माणसाशी?”

“टाकू पत्रे,” मी म्हटलं. “आधी तिला आणून सोड.”